इनासमामाचा काढा

माझा नातू नेल्सन बोळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या ओट्यावर बियर करतो. सगळं सामान ऑनलाइन मागवलेलं. त्यात तांब्याच्या नळीचं एक वेटोळं आहे. सातूचं पाणी तासभर उकळून झालं की ते वेटोळं तो पातेल्यात सोडतो, एक टोक नळाला लावतो आणि दुसरं बादलीत. नळातून गार पाणी आत जातं आणि बादलीत आधी वाफाळतं, मग कोमट पाणी पडतं. "आजी, हा वोर्ट पटकन थंड नाही केला ना, तर अख्खी बॅच बाद होते," असं तो मला दर वेळी समजावतो, आणि मीही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवते. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला उष्णतेचं वहन शिकवायला त्याला फार आवडतं. तो पाठमोरा झाला की मी हळूच त्या बादलीत हात घालते. सून म्हणते, आई, भाजेल. भाजत नाही. हात कोमट पाण्यात गेला की आमच्या वाडीतला पाट, आईचे ओले पाय आणि इनासमामा एकदम समोर येऊन उभे राहतात, आणि ते मला त्या पोराला सांगता येत नाही. म्हणून इथे लिहिते.

आमचं घर वसईच्या समुद्राकडच्या अंगाला. थोडी भातशेती, थोडी वाडी. वाडीत राजेळी केळी, नारळ, कडेने मोगरा, आणि मधोमध विहीर. विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. बा, म्हणजे माझे वडील, त्याला दांडा मारून चालू करायचे तेव्हा आधी ते खोकायचं, मग शिव्या दिल्यासारखं दोनतीनदा गुरगुरायचं आणि मग जे ठकठक सुरू व्हायचं ते देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, घंटेलाही जुमानायचं नाही. इंजिनाचं पाणी आधी सिमेंटच्या कुंडीत धबधब पडायचं आणि कुंडीतून पाटाने केळींच्या आळ्यांत जायचं. बा कुदळ घेऊन एक आळं भरलं की त्याचं तोंड मातीने बंद करायचे आणि पुढचं उघडायचे. घरात आईचा कारभार. अंगणात जाळीखाली सुकेळी वाळत घातलेली, परसात चूल, चुलीवर कशाची ना कशाची पेज. आमच्या घरात 'ण' कुणालाच यायचा नाही. पाणी म्हणजे पानी, कोण म्हणजे कोन. शाळेत बाई माझ्या जिभेवर 'ण' बसवायचा आटापिटा करायच्या आणि घरी येईपर्यंत तो गळून पडलेला असायचा.

इनासमामा हा आईचा एकुलता एक भाऊ. पोरवयात बोटीवर गेला आणि मग मयतालाच काय तो घरी यायचा. त्या वर्षी मात्र कुणी मेलेलं नसताना आला. नाताळ नुकताच झाला होता, माझी मोठी बहीण फिलू हिचं लग्न ठरलं होतं, आणि मामा एक निळी पत्र्याची पेटी घेऊन दारात उभा राहिला. बोटीवर तो स्वयंपाकी होता. पेटीतून त्याने आमच्यासाठी साबणाच्या वड्या काढल्या, बांसाठी गरम बनियन काढलं (वसईत गरम बनियन कधी घालायचं हे बांनी त्याला शेवटपर्यंत विचारलं), आणि तळाशी दोन डबे निघाले. एकात पावाचं खमीर होतं. दुसऱ्यात वाळकी हिरवट फुलं होती. डबा उघडल्यावर घरात असा वास सुटला, कडू आणि रानटी, की मांजर उठून बाहेर गेलं. मामा म्हणाला, "फिलूच्या उंबराच्या पान्याला मी बियर करनार. इथे, या परसात."

उंबराचं पाणी म्हणजे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या आंघोळीसाठी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणायचं. त्या संध्याकाळी सगळा गाव दारात असतो. बा म्हणाले, "ताडी हाय, दारू हाय, आता हे कशाला?" पण आईचा चेहरा उजळला होता. बोटीच्या कंपनीचं मामाला परत बोलावणं आलेलं होतं आणि त्याने त्यावर हो किंवा नाही काहीच कळवलं नव्हतं. आईला तो राहायला हवा होता. रात्री जेवताना ती त्याच्या ताटात बोंबील वाढता वाढता म्हणाली, "इथेच का नाय राहत? वाडी काय कमी हाय?" मामाने बोंबलाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. मग म्हणाला, "बाय, मला नुसतं भात रांधता येतो नि बियर करता येते. भात तू रांधतेस. बघू, बियर इथे जमते का. जमली तर राहतो." तो हसत होता, पण आई हसली नाही. तिने ते वाक्य गाठीला बांधून ठेवलं, आणि मीही.

बियर करायला तो शिकला होता कुठल्याशा थंड बंदरात. बोट दुरुस्तीला लागली होती आणि हिवाळाभर तो एका म्हाताऱ्या विधवेच्या घरी राहिला होता. ती बाई सातू उकळायची, आणि उकळतं भांडं तसंच अंगणात नेऊन बर्फात ठेवायची. "भोवतीचा बरफ वितळायचा," मामा सांगायचा, "नि भांडं आपोआप खाली खाली जायचं. मानसाने मऊ गादीवर बसावं तसं." मी बर्फ पाहिला होता तो मासळीच्या टोपलीतला, भुसा लागलेला. आख्खं अंगण बर्फाचं, त्यातून निघणारी वाफ आणि हळूहळू रुतत जाणारं भांडं, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता.

आईला या सगळ्यातलं निम्मं आधीच येत होतं. सातू भिजवणं, ओल्या किंतानात बांधून मोड आणणं, उन्हात वाळवणं, मंद भाजणं, हे तिच्या हातचं काम. मग मामाने लग्नाचा मोठा टोप काढला, कोकम लावून घासला, सातू जाडसर भरडून गरम पाण्यात मुरवला, गाळला आणि ते गोड तपकिरी पाणी चुलीवर चढवून त्यात ती कडू फुलं टाकली. उकळी फुटली तेव्हा दोन वाड्या पलीकडची कातरीनमावशी विचारायला आली की कोन आजारी हाय. घरभर वास काढ्याचाच होता. मामाला त्या पाण्याला काय म्हणायचं ते मराठीत ठाऊक नव्हतं. आई म्हणाली, "काढाच हा." तेव्हापासून सगळे काढाच म्हणायला लागले, मामासुद्धा. घोळ झाला तो इथे.

उकळून झाल्यावर मामाने आणि बांनी टोपाच्या कड्यांत बांबू घालून तो उचलला आणि गार पाण्याने भरलेल्या घंगाळात ठेवला. मामाला बाटल्या आणायला भंडाऱ्यांच्या आळीत जायचं होतं. निघताना तो आईला म्हणाला, "बाय, काढा सांभाळ हां." आणि आईने सांभाळला. तिच्या हिशेबाने काढा म्हणजे गरम ठेवायची वस्तू. शिवाय त्यात पुढे खमीर घालायचं हेही तिला ठाऊक होतं, आणि तिच्या आयुष्यात आंबणारी प्रत्येक गोष्ट उबेवर आंबली होती. विरजण, सांदणांचं पीठ, इडली, सगळं. एवढा जीव लावून केलेला काढा गार पाण्यात उघड्यावर बसलेला बघून तिला राहवेना. तिने शेजारच्या गड्याला बोलावलं, टोप घंगाळातून काढून चुलीच्या निखाऱ्यांजवळ ठेवला आणि त्यावर तीन गोणपाटं आणि बांचं जुनं कांबळं घातलं. कडेने नीट खोचलंसुद्धा. मी मदत केली. आजारी पोराला निजवावं तसं आम्ही दोघींनी त्या काढ्याला निजवलं.

मामा परतला तो संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळेला. कांबळं बघून तो दारातच थांबला. गोणपाट उचलून हात लावला तर टोप गरमच. सकाळपर्यंत तो जेमतेम कोमट झाला, वर बारीक साय धरली आणि शिळ्या पेजेचा आंबूस वास यायला लागला. आईला कळेना काय चुकलं. "तू सांभाळ म्हनालास ना?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. मामाने तिला बसवून समजावलं. उकळतं असतं तोवर त्याला कुणी शिवत नाही. पुरतं गार झालं की आपण खमीर घालतो, मग खमीरच त्याची राखण करतं. धोका मधे. कोमट असताना हवेतलं बरंवाईट सगळं त्यात शिरतं आणि आपल्या आधी मुक्काम करतं. "खाडीत मधेच होडी थांबवतात का? तसं हाय. मधलं अंतर पटकन तोडायचं," तो म्हणाला. मग टोप कलंडून त्याने तो सगळा काढा केळींच्या बुंध्यात ओतला. आईने पदर तोंडाला लावला. तिला दूषण दिलं असतं तर बरं, पण मामाने दुपारी माळ्यावर ठेवलेली निळी पेटी खाली काढून तिच्या बिजागऱ्यांना खोबरेल तेल लावलं. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं.

त्या दोन दिवसांत आई जेवणात मीठ घालायला विसरली. बा सुकटीची चटणी चाखून म्हणाले, "हिच्यातलं मीठ पन बोटीवर गेलं वाटतं," आणि नेहमी अशा बोलण्यावर कलथा उगारणारी आई नुसती बघत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी बा वाडीला पाणी सोडत होते. मामा कुंडीच्या काठावर बसून दात घासत होता. आई कपडे घेऊन आली, आणि कपडे तिथेच टाकून तिने मामाला विचारलं, "काढा किती गार लागतो तुला? विरजनाच्या दुधाएवढा?"

"त्याहून गार. नि लगेच व्हायला हवा. बरफ कुठे हाय इथे?"

"घंगाळातल्या पान्याने का नाय झाला?"

"ते पानी स्वतःच तापतं ना. तापलं की बसलं तसंच."

आई कुंडीत पडणाऱ्या धारेकडे बघत होती. "आनि हे?" ती म्हणाली. "हे कुठे बसतं? हे तर रोज इथून निघतं नि पार शेवटच्या केळीपर्यंत जातं."

मामाच्या तोंडात राखुंडी तशीच राहिली. त्याने कुंडीकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, लांबवर कुदळ घेऊन उभ्या असलेल्या बांकडे पाहिलं. मग चूळ भरून म्हणाला, "दाजींना सांग, मोडाचे सातू पुन्हा भिजवायचे." बा ओरडले, "माझ्या पाटात भांडी घालू नका," पण त्यांच्या ओरडण्याला इंजिनाच्या वर किंमत नव्हती.

या वेळी चूल परसात न मांडता कुंडीला लागून मांडली. लग्नाला अजून महिनाभर अवकाश होता आणि डब्यातली फुलं संपत आली होती, तिसऱ्यांदा करायला काही उरलं नव्हतं. काढा उकळला, बांनी इंजिन चालू केलं आणि बांबूवर टोप उचलून त्यांनी व मामाने तो कुंडीत सोडला. गरम पितळ पाण्याला टेकलं तेव्हा जो चर्र आवाज झाला त्याने झाडावरचे कावळे उठले. टोप तरंगू नये म्हणून झाकणावर वाटणाचा पाटा ठेवला. धार टोपाला घासून गरगर फिरायची आणि पाटाने बाहेर पडायची. मामा मधूनच पाटा सरकवून, झाकण किंचित उघडून उकळून घेतलेल्या डावाने आतलं ढवळत होता. मला त्यांनी बाजूला व्हायला सांगितलं म्हणून मी पाटात पाय सोडून बसले.

आणि मग ती माझ्यापर्यंत आली. पाणी आधी नेहमीचं होतं, विहिरीचं. एकदम घोट्यांना ऊब लागली. मी पाय काढून घेतले, पुन्हा घातले. ऊब होतीच, आणि ती पुढे चालली होती. मी उठून पाटाच्या कडेने तिच्यापुढे धावले, पुढच्या केळीपाशी पाय घातले, तिथे पाणी गार होतं, आणि उभी राहिले तोवर तिथेही ती आली. जे मघाशी चुलीत जळत होतं, मग टोपात उकळत होतं, ते आता माझ्या पायांवरून केळींकडे निघालं होतं. ते दिसत नव्हतं, त्याला रंग नव्हता, पण ते जात होतं, आणि जिथून जात होतं तिथे कमी होत होतं. मी तशीच उभी राहिले. देवळात सगळे गुडघे टेकतात तेव्हा छातीत जे होतं तसं झालं. पुढे वर्गात उष्णता शिकवताना मी फळ्यावर बाण काढायचे, जास्त तापमानाकडून कमीकडे. मुलं ते बाण वहीत उतरवून घ्यायची आणि मला दर वेळी वाटायचं, यांचे पाय ओले झाले पाहिजेत. बांनी शेवटच्या आळ्यात हात घालून पाहिला आणि म्हणाले, "केळींना ताप येनार आज." पण त्यांनीही हात लगेच बाहेर काढला नाही.

तेवढ्यात इंजिनाचा पट्टा तुटला. ठकठक थांबली आणि अशी शांतता पडली की कुंडीत शेवटची धार टपटपलेली ऐकू आली. टोप अजून कोमट होता. खाडीच्या अगदी मधोमध. बा पट्टा हातात धरून उभे, मामा डाव हातात धरून उभा. त्याचा चेहरा मी आधी एकदाच तसा पाहिला होता, कांबळ्यापुढे. आईने मात्र क्षणभरही वाट पाहिली नाही. तिने लुगड्याचा काष्टा वर खोचला, रहाटाचा दोर सोडला आणि पहिली बादली ओढली. "फिलू, कळशी आन. मारथू, कातरीनमावशीला हाक मार, म्हनावं सगळ्या कळशा घेऊन ये." मी धावत सुटले. कातरीनमावशी तिच्या दोन्ही सुनांसकट आली, वाटेत आणखी बायका जोडल्या गेल्या. विहिरीपासून कुंडीपर्यंत बायकांची रांग लागली. आई आणि बा ओढत होते, कळशी हातोहात जात होती, शेवटी फिलू ती टोपाच्या अंगावर ओतत होती. "लग्न पुढच्या महिन्यात नि उंबराचं पानी आजच?" मावशीने विचारलं. कुणीतरी हसता हसता लग्नाचं गाणं सुरू केलं आणि मग ते थांबेचना. पाट पुन्हा वाहायला लागला. बारीक, पण वाहता.

हात भरून आले तेव्हा आई दोर सोडून कुंडीशी आली. तिने साबणाने हात धुतला, मामाने उकळलेल्या डावात थोडा काढा काढला, आणि तिने त्याचा थेंब मनगटावर घेतला. पोरांच्या आंघोळीचं पाणी, विरजणाचं दूध, सगळं ती तिथेच बघायची. "घाल," ती म्हणाली. मामाने विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "घाल रे." काढा गाळून काचेच्या मोठ्या बरणीत भरला, खमीर घातलं, बुचातून एक रबरी नळी काढून पाण्याच्या पेल्यात सोडली आणि बरणी आईच्या खाटेखाली ठेवली. घरात असलं काही करायला परवाना लागतो, हे मला फार पुढे कळलं. आमच्याकडे त्या दिवशी निम्मं गाव पाणी ओढून गेलं होतं, त्यामुळे लपवण्यासारखं तसंही काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला गुडघे टेकले. बांनी "नमो मरिये" म्हटलं, आम्ही उत्तर दिलं, आणि मधल्या शांततेत खाटेखालून आवाज आला. बुडूक. बा थांबले. पुन्हा सुरू झाले. पुन्हा त्याच जागी, बुडूक. फिलूचे खांदे हलायला लागले. मामाचे डोळे मिटलेले होते, पण तो प्रार्थना म्हणत नव्हता, ऐकत होता. त्या रात्री मी आईशेजारी पडून कितीतरी वेळ ते बुडबुडे ऐकले. काल जे नुसतं पाणी होतं ते आता आमच्या घरात श्वास घेत होतं, आणि ते आम्ही सगळ्यांनी मिळून गार केलं होतं. मला भीतीही वाटली आणि इतका आनंद झाला की मी आईचा हात घट्ट धरून ठेवला.

बुडबुडे थांबल्यावर मामाने बरणीतलं सगळं बाटल्यांत भरून बुचं मारली होती. उंबराच्या पाण्याच्या संध्याकाळी त्या बाटल्या कुंडीत गार करून उघडल्या. फेस आला. लाल, कडवट, थोडी गढूळ अशी ती बियर गावाने पितळी पेल्यांतून आणि वाट्यांतूनही प्यायली. वराच्या काकांनी वाटी पुन्हा पुढे केली तेव्हा मामाने आईकडे पाहिलं. आई पीत नसे. तिने पेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि मग पेलाच उचलून दोन घोट घेतले. "कडूच हाय," ती म्हणाली. "काढाच तो."

लग्न झालं. फिलू देवळाच्या पायऱ्यांवरून सासरच्या माणसांबरोबर गेली. सगळ्या बायका रडल्या, आई रडली नाही. ती ताठ उभी होती, कारण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. घरी आल्यावर मांडवाचे बांबू सुटत असताना ती मामासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने सरळ विचारलं, "मग? कधी निघतोस?"

मामा कुंडीच्या काठावर रिकाम्या बाटल्या विसळत होता. त्याने वर पाहिलं नाही. एक बाटली पालथी घालून म्हणाला, "दाजींना विचार, इंजिनाचा शिवलेला पट्टा किती दिवस चालवनार, नवा कधी आननार. फुलं बोटीवरून मागवतो. सातू मी कालच भिजवलेत. त्या निळ्या पेटीत."

फिलूला निरोप देताना न रडलेली आई तिथेच पाटाच्या कडेला बसली आणि रडली.